सांडपाण्याच्या शेतात सेंद्रिय खत

प्रश्न : नालवाडी (जि. वर्धा) परिसरात शेताला नाल्याचे सांडपाणी लागत असेल, तर शेणखत घालून भाजीपाला निर्धोक होतो का?

उत्तर : सेंद्रिय खताने सांडपाण्यातून आलेले शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू जमिनीतून नाहीसे होत नाहीत. खत कुजून होणारा ह्युमस त्यांना धरून ठेवतो, त्यामुळे ते मुळांना कमी मिळतात. घातक सहासंयुजी क्रोमियमचे सेंद्रिय द्रव्यामुळे कमी विषारी त्रिसंयुजी रूप होते. आर्सेनिक मात्र उलटे वागते : कंपोस्टमधील फॉस्फेट आणि विरघळणारा कर्ब त्याला मोकळे करू शकतात.

म्हणून आधी तपासणी. नेहमीच्या माती परीक्षणात जड धातू नसतात, ते वेगळे मागावे लागतात. सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्राकडे चौकशी करता येते. धातू अडवण्यासाठी आम्ल जमिनीत सांगितला जाणारा चुना वर्ध्याच्या विम्लधर्मी काळ्या मातीत व्यर्थच.

खत पूर्ण कुजलेले हवे. शहरी कचऱ्याच्या कंपोस्टमध्ये मुळातच धातू असू शकतात. खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार त्यात किलोमागे कॅडमियम ५ व शिसे १०० मिलिग्रॅमपर्यंतच चालते. ह्युमस कुजतो तसा परिणाम ओसरतो, म्हणून खत पुन्हापुन्हा द्यावे लागते. पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या) कमी हवेत जाळून केलेला कोळसा मातीत मिसळल्यास तो अधिक टिकतो.

पालक, मेथी अशा पालेभाज्या धातू जास्त शोषतात. फळभाज्यांत ते तुलनेने कमी उतरतात. प्रदूषण जास्त आढळल्यास अशा शेतात कपाशीच बरी. सांडपाणी चालूच राहिले, तर कोणतेही खत पुरे पडत नाही.