विहिरीचे पाणी आणि विजेचा हिशेब
(इयत्ता सातवी : सामान्य विज्ञान व गणित यांचा संयुक्त पाठ)

उद्देश : पाणी उपसण्यास किती ऊर्जा लागते आणि ती कोठे वाया जाते, हे विद्यार्थ्यांनी स्वतः मोजून जाणावे.

प्रस्तावना : छत्रपती संभाजीनगर येथील पाणचक्की बहुतेक मुलांनी पाहिलेली असते. डोंगरातील पाणी नळांतून आणून उंचावरून सोडले, त्याच्या जोराने जाते फिरले व पीठ दळले गेले. तेथे पडणाऱ्या पाण्याने माणसाचे काम केले. आपल्या शेतात याच्या उलट घडते. खोल विहिरीतील पाणी वर आणण्यासाठी आपणांस काम करावे लागते. पूर्वी ते मोटेच्या बैलांनी केले, आता विजेचा पंप करतो.

मांडणी : शिक्षकांनी फळ्यावर पुढील नियम लिहावा. १ युनिट वीज पूर्णपणे कामी आली, तर १ घनमीटर (१,००० लिटर) पाणी सुमारे ३६७ मीटर उंच चढते. आता एक एकर रानास ५ सेंटीमीटर पाणी द्यावयाचे आहे. त्यास सुमारे २०० घनमीटर पाणी लागते. ते २० मीटर खोलीवरून आणावयाचे तर २०० × २० ÷ ३६७, म्हणजे सुमारे ११ युनिटे पुरेशी व्हावीत. परंतु पंप, मोटर व नळ मिळून शंभरातील ४० भागच कामी आले, तर २७ युनिटे खर्च होतात. ५० भाग कामी आले, तर २२ युनिटांत भागते. उरलेली ५ युनिटे कोठे गेली, हा प्रश्न मुलांनाच विचारावा.

प्रयोग : एक अरुंद व एक रुंद, पण सारख्याच लांबीच्या नळ्या घ्याव्यात. प्रत्येकीतून तांब्याभर पाणी सोडून लागलेला वेळ घड्याळाने मोजावा. अरुंद नळीत घर्षण अधिक असते. तेवढ्याच वेळात तेवढेच पाणी न्यावयाचे, तर व्यास निम्मा होताच हा विरोध सुमारे ३२ पट वाढतो. म्हणून अनावश्यक वळणे, अरुंद नळ, गळके सांधे व तुंबलेला फूटव्हॉल्व्ह ही विजेची चोरवाट होय.

मुले विचारतील, "गुरुजी, वीज फुकट असेल, तर वाचवायची कशाला?" साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांसाठी राज्याने २०२४ मध्ये मोफत विजेची योजना सुरू केली, हे खरे. पण वीज असण्याचे तास मोजकेच असतात. त्याच तासांत सुस्थितीतील पंप अधिक रान भिजवितो, आणि रात्री मोटर सुरू करण्यासाठी अंधारात जाण्याची घरच्या माणसांची पाळी कमी येते. शिवाय पाण्याची पातळी आणखी १० मीटर खाली गेली, तर वरील २७ युनिटांची ४१ युनिटे होतात. म्हणून ठिबक सिंचन, पाचटाचे आच्छादन व बांधबंदिस्ती यांनी पाणी वाचले की वीजही वाचते.

स्वाध्याय : विहिरीच्या पाण्याची खोली घरच्या मोठ्या माणसाकडून विचारून घ्यावी व वरील हिशेब आपल्या रानासाठी करावा. मुलांनी विहिरीच्या काठी एकटे जाऊ नये, मोटर व तारांना हात लावू नये, अशी सक्त सूचना द्यावी.

हिशेबाची वही मुलांनी घरी दाखवावी. आठवड्याने तिच्यावर वर्गात चर्चा घ्यावी. घरातील एखादा गळका सांधा जरी दुरुस्त झाला, तरी पाठ सफल झाला असे समजावे.