तांबडे सोने

सोन्याचा रंग कोणता, असे कोणी विचारले तर तुम्ही पटकन सांगाल, 'पिवळा'. कोल्हापूरच्या गुजरीत सराफाच्या काचेमागे दिसणारे सोने पिवळेच असते. पण हेच सोने अतिशय बारीक कणांच्या रूपात पाण्यात असेल, तर पाणी डाळिंबाच्या रसासारखे तांबडे दिसते. इंग्लंडचे शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली असे तांबडे पाणी तयार केले होते.

बारीक म्हणजे किती? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातील एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. तांबडा रंग देणारा कण साधारण २० नॅनोमीटरचा असतो. असे ५० हजार कण एका ओळीत ठेवले, तर कुठे एक मिलिमीटर भरेल! येथे सराफाची कानस चालत नाही. सोन्याचा क्षार पाण्यात विरघळवून त्यातून हे कण तयार करतात. इतके लहान कण हिरवा प्रकाश शोषून घेतात, म्हणून पाणी तांबडे दिसते.

हे तांबडे सोने तुमच्यापैकी अनेकांच्या घरी येऊन गेले आहे. कोरोनाच्या साथीत नाकातील स्राव तपासायची छोटी पट्टी आठवते ना? अशा अनेक पट्ट्यांवरची तांबडी रेघ सोन्याच्या कणांचीच असते. या कणांना प्रतिपिंडे जोडलेली असतात. एका कुलपाला एकच किल्ली लागावी, तसे प्रतिपिंड ठरावीक प्रथिनालाच धरते. स्रावात विषाणूचे प्रथिन असेल, तर कण त्याला चिकटतात. पुढे पट्टीवर पक्की बसवलेली दुसरी प्रतिपिंडे त्या प्रथिनाला अडवतात. असंख्य कण एका जागी जमले, की रेघ उमटते. प्रथिन नसेल, तर कण तेथे न थांबता पुढे जातात.

हीच युक्ती कर्करोगासाठीही वापरता येते. कागलहून हमरस्त्याने दक्षिणेला गेले, की निपाणी लागते. तेथील तंबाखू प्रसिद्ध आहे. तंबाखू मळून गालात धरणारी माणसे आपल्या गल्लीगल्लीत आहेत, आणि तंबाखू हे तोंडाच्या कर्करोगाचे मोठे कारण आहे. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कोणी दवाखान्यात जात नाही. गाठ दिसते, तेव्हा उशीर झालेला असतो.

तोंडाच्या अनेक कर्कपेशींवर एक विशिष्ट प्रथिन फार मोठ्या प्रमाणात असते. मूळचे इजिप्तचे आणि अमेरिकेत काम करणारे शास्त्रज्ञ मुस्तफा अल-सय्यद, त्यांचे डॉक्टर पुत्र इव्हान आणि एक सहकारी यांनी त्या प्रथिनाला धरणारी प्रतिपिंडे सोन्याच्या कणांना जोडली. हे कण निरोगी पेशींपेक्षा कर्कपेशींना कितीतरी अधिक चिकटले. सूक्ष्मदर्शकाखाली बाजूने प्रकाश टाकताच कर्कपेशी चमकू लागल्या! हा प्रयोग २००५ सालचा.

त्याच्या आदल्याच वर्षी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गंमतीचा प्रयोग केला. सर्दी झाली की अम्मी चहात गवती चहाची पाने टाकते ना? तीच पाने उकळून त्यांचा अर्क त्यांनी सोन्याच्या क्षाराच्या पाण्यात मिसळला. त्यातून चपटे, तिकोनी कण तयार झाले. हे कण डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण शोषतात. असे किरण त्वचेतून थोडे आत जाऊ शकतात. म्हणून कर्कगाठीत असे कण पोहोचवून किरणांनी तापवले, तर तेथील पेशी मारता येतील, असा विचार शास्त्रज्ञ करीत आहेत.

कर्करोगावरचे हे काम बहुतेक अजून प्रयोगशाळेतच आहे. तोंडातला पांढरा चट्टा किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत बरी झाली नाही, तर डॉक्टर आजही तेथील लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

शब्दार्थ : पेशी – खलिया, कर्करोग – सरतान, क्षार – नमक, स्राव – रतूबत, किरण – शुआ, सूक्ष्मदर्शक – खुर्दबीन.