दुसऱ्याचें चरित्र लिहितां लिहितां

मनुष्याच्या सर्वांत जवळ असून ज्याची ओळख त्याला सर्वांत उशिरा पटते, तें त्याचें स्वतःचें मन होय. आमच्या आज्यांना ही ओळख करून घेण्यास फारशी सवडच मिळाली नाहीं. घरांतील प्रत्येकाची आवडनिवड त्यांना मुखोद्गत. परंतु ‘तुला काय आवडतें?’ असें त्यांना कोणीं क्वचितच विचारलें. अशा स्त्रीच्या हातीं लेखणी आली म्हणजे काय घडतें, याचीं दोन उदाहरणें आम्ही विद्यार्थ्यांपुढें ठेवितों.

रमाबाई रानडे यांचा जन्म १८६२ सालचा. १८७३ सालीं विवाह झाला तेव्हां त्यांना लिहितांवाचतां येत नव्हतें. पति महादेव गोविंद रानडे यांनीं त्यांना शिकविलें. पण घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना तें रुचलें नाहीं, आणि टोमणे सोसून रमाबाईंना अभ्यास करावा लागला. १९०१ सालीं पति निवर्तले. १९१० सालीं ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें त्यांचें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यांना सांगावयाचा होता पतीचा थोरपणा. तथापि वाचकास पानोपानीं भेटते ती भिणारी, शिकणारी आणि हळूहळू धीट होत जाणारी एक मुलगी!

लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म १८६८ सालचा. लहानपणींच त्यांचा विवाह कवि नारायण वामन टिळक यांच्याशीं झाला. १८९५ सालीं टिळकांनीं धर्मांतर केलें आणि पतिपत्नींची कांहीं वर्षें ताटातूट झाली. १९१९ सालीं टिळक वारले. त्यांचें चरित्र लिहावें असें मुलाच्या मनांत होतें; त्यासाठीं त्यानें आईला आठवणी लिहावयास लाविलें. त्या आठवणींतूनच ‘स्मृतिचित्रें’ निर्माण झालीं. त्यांचे चार भाग १९३४ ते १९३६ या काळांत निघाले. घरांत बोलावें तशी भाषा, वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाचे किस्से, स्वतःच्या फजितीवर मनमोकळें हसणें, आणि विरहाचें दुःख कडवटपणावांचून सांगणें, हें सारें त्यांत आहे. चरित्र पतीचें व्हावयाचें होतें. झालें तें लक्ष्मीबाईंचें.

असें कां व्हावें? साक्षीदारास घटना सांगतांना आपण कोठें उभे होतों हेंहि सांगावें लागतें. ‘ते असें बोलले’ असें लिहितांच ‘मग मला काय वाटलें?’ हा प्रश्न उभा राहतो. त्याचें खरें उत्तर लिहिण्यांतच आत्मपरिचयाचा आरंभ आहे.

यावरून मुलींनीं एक पाठ घ्यावा. महिन्यांतून एकदां आपल्या मैत्रिणींस किंवा दूरच्या बहिणीस एक सविस्तर पत्र लिहावें, व त्याची नक्कल वहींत ठेवावी. पत्रांत एकच घडलेला प्रसंग असावा. तारीख, स्थळ व बोललेले शब्द जसेच्या तसे यावे. उपदेश करूं नये. दुसऱ्याचें गुपित उघडें करूं नये. आपली भीति, आपला हट्ट व आपला आनंद मात्र झांकूं नये. वर्षानें तीं बारा पत्रें ओळीनें वाचावीं. जानेवारींतील आपण व डिसेंबरांतील आपण यांतील अंतर तेथें दिसेल. मुलांनींहि स्वस्थ बसूं नये. आईजवळ बसून तिच्या लहानपणची एक हकीकत विचारावी, आणि ती तिच्याच शब्दांत उतरून घ्यावी.

आईबापांस आमची विनंति वेगळी आहे. मुलीला वही घेऊन देणें सोपें आहे. ती वही न उघडणें कठीण आहे. आपलें लिहिणें कोणी तपासणार हें ठाऊक असलेली मुलगी सुंदर वाक्यें लिहील, खरीं लिहिणार नाहीं. तिनें होऊन वाचून दाखविलें तर ऐकावें, आणि शुद्धलेखनाच्या चुका लगेच काढूं नयेत. रमाबाईंनीं टोमण्यांच्या धाकांत अक्षरें गिरविलीं. आपल्या मुलींवर ती पाळी येऊं नये. रोजचा अर्धा तास आणि घरांतला एक निवांत कोपरा, एवढें तरी आपण त्यांना खचित देऊं शकतों.