तिथी, मुहूर्त आणि आपल्या गावचा सूर्योदय

आदिलाबादेतील कित्येक मराठी घरांत दोन पंचांगे पाहिली जातात. एक महाराष्ट्रातून आणलेले व दुसरे येथील तेलुगू. दोहोंत शालिवाहन शकच, महिने अमान्तच. चैत्र शुद्ध प्रतिपदेस आम्ही गुढी उभारतो, शेजारी उगादी करतात. तरी एखादे वर्षी सणाच्या दिवसात फरक पडतो व घरात वाद होतो. हा दोष कोणाचा, ते पाहू.

तिथी, वार, नक्षत्र, योग व करण ही पाच अंगे होत. वार सूर्योदयाने बदलतो. तिथी मात्र चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की पालटते. चंद्राची गती सारखी नसल्याने ती सुमारे २० ते २७ तासांची असते व केव्हाही संपते. म्हणून सूर्योदयी असेल ती दिवसाची तिथी, असा सामान्य नियम आहे.

आता आदिलाबाद मुंबईच्या पूर्वेस सुमारे साडेपाच अंश आहे. दर अंशास ४ मिनिटे, म्हणजे येथे सूर्य सुमारे २२ मिनिटे आधी उगवतो. समजा, मार्चअखेरीस येथे ६-२० ला व मुंबईस ६-४२ ला सूर्योदय झाला आणि अमावास्या ६-३० ला संपली. मुंबईत त्याच दिवशी पाडवा. येथे मात्र सूर्योदयी अमावास्याच! प्रतिपदा दुसऱ्या सूर्योदयापर्यंत टिकली, तर आपला पाडवा त्या दिवशी. दोन्ही पंचांगे आपापल्या ठिकाणी खरी.

प्रत्येक व्रतास सूर्योदयच लागतो असेही नाही. गणेशचतुर्थीस मध्यान्ह, संकष्टीस चंद्रोदय, शिवरात्रीस मध्यरात्र, श्राद्धास अपराह्ण पाहतात. केसलापुरी मेसराम गोंडांची नागोबाची महापूजाही पौष अमावास्येच्या रात्रीच होते.

मुहूर्ताचेही तसेच. दिनमानाचे १५ भाग म्हणजे मुहूर्त. ८ भाग केले की त्यांतील एक राहुकाल. सोमवारी साडेसात ते नऊ हा राहुकाल सूर्योदय सहाला व सूर्यास्त सहाला धरून सांगितलेला असतो. आपल्या गावी तो रोज थोडा सरकतो.

तेव्हा पंचांग घेताना ते कोणत्या गावच्या सूर्योदयावर केले आहे, हे प्रथम पाहावे व लेकीसुनांनाही ते वाचावयास शिकवावे. सण एकत्र करण्यासाठी असतात. २२ मिनिटांपायी घरात दुरावा येऊ नये, एवढेच आमचे मागणे.