सर्वात मोठी मेट्रो कोणती? आधी माप ठरवू या



शाळेच्या प्रश्नमंचाच्या अंतिम फेरीत आम्ही स्वतः काढलेला एक प्रश्न होता : 'जगातील सर्वात मोठी मेट्रो रेल्वे कोणत्या शहरात आहे?' एका संघाने 'लंडन' सांगितले, दुसऱ्याने 'शांघाय'. आमच्या कागदावर 'लंडन' होते. पहिल्या संघाला पाच गुण मिळाले आणि तेवढ्याच गुणांनी दुसरा संघ हरला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत हरलेल्या संघातील आठवीची एक विद्यार्थिनी आमच्या खोलीत आली. ती रडली नाही, तिने तक्रारही केली नाही. एवढेच विचारले, "सर, सर्वात मोठी म्हणजे कशात मोठी?"

आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. 'लंडन' हे उत्तर आम्ही हिंदी माध्यमात शिकत असताना सामान्य ज्ञानाच्या पुस्तिकेतून पाठ केले होते. लांबीच्या हिशेबाने ते त्या काळी बरोबरही होते. पण उत्तर आमच्या डोक्यात तसेच राहिले आणि जग पुढे गेले. म्हणून आज हा पाठ आपण सर्वांनी मिळून नीट करू या.

मोजायचे काय?

पहिली अडचण इथेच येते. मुंबईची लोकल रोज सत्तर लाखांहून अधिक लोकांना नेत आली आहे. मग ती या यादीत का नाही? कारण ती भारतीय रेल्वेचा भाग आहे, आणि तिच्या काही रुळांवरून लांब पल्ल्याच्या गाड्याही धावतात. मेट्रोचे रूळ तिचे स्वतःचे असतात, त्यांवर मालगाडी किंवा मेल येत नाही आणि थोड्या थोड्या मिनिटांनी गाडी मिळते. ती जमिनीखालूनच गेली पाहिजे असेही नाही. लंडनच्या मेट्रोला 'अंडरग्राउंड' म्हणतात, पण तिचा निम्म्याहून कमी भाग बोगद्यात आहे.

पहिले माप : वय

१० जानेवारी १८६३ रोजी लंडनमध्ये पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ही जगातील पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली. लांबी सुमारे ६ किलोमीटर. रस्ता खणायचा, खाली रूळ टाकायचे आणि वर छत घालून रस्ता पुन्हा बुजवायचा, अशी पद्धत होती. इंजिन वाफेचे होते, त्यामुळे बोगद्यात धूर भरे. विजेवर चालणारी खोल भुयारी गाडी तिथे १८९० मध्ये आली. त्यानंतर बुडापेस्ट (१८९६), पॅरिस (१९००), न्यूयॉर्क (१९०४), टोकियो (१९२७) आणि मॉस्को (१९३५) अशी रांग लागली. वयात लंडन पहिले, आणि हा क्रमांक कधी बदलणार नाही.

दुसरे माप : लांबी

लंडनच्या जाळ्याची लांबी सुमारे ४०० किलोमीटर आहे. शांघायची मेट्रो १९९३ मध्ये सुरू झाली, म्हणजे ती लंडनहून १३० वर्षांनी लहान. तरी ती आज ८०० किलोमीटरच्या पुढे आहे. बीजिंगही ८०० च्या पुढे आहे. या दोघांत पहिले कोण, हे वर्षागणिक बदलते. शिवाय उपनगरी मार्ग आणि विमानतळाकडे जाणारी खास गाडी हिशेबात धरायची की नाही, यावरही ते ठरते. म्हणजे आपल्या विद्यार्थिनीचे 'शांघाय' हे उत्तर आमच्या उत्तरापेक्षा बरे, पण तेही अर्धेच.

न्यूयॉर्कचे पाहा. तिथल्या मार्गांची लांबी सुमारे ४०० किलोमीटर, पण प्रवासी गाड्यांच्या रुळांची लांबी सुमारे १,०७० किलोमीटर! एकाच मेट्रोचे दोन आकडे कसे? कारण तिथे पुष्कळ मार्गांवर तीन किंवा चार रूळ शेजारी शेजारी आहेत. काही रुळांवर प्रत्येक स्टेशनावर थांबणारी गाडी धावते, तर काहींवर मोजक्याच स्टेशनांवर थांबणारी जलद गाडी. रस्ता मोजला तर एक उत्तर, रूळ मोजले तर दुसरे. न्यूयॉर्कची मेट्रो रात्रभर चालते, त्यातही या जादा रुळांचा उपयोग होतो. काही रूळ दुरुस्तीसाठी बंद ठेवले तरी बाकीच्यांवरून गाड्या जाऊ शकतात.

तिसरे माप : स्टेशने

स्टेशने मोजायला तर सोपी असावीत. न्यूयॉर्कचा अधिकृत आकडा ४७२ आहे. पण आतून एकमेकांना जोडलेली स्टेशने एकच धरली, तर तो सव्वाचारशेच्या आसपास येतो. लंडनची स्टेशने २७२.

चौथे माप : प्रवासी

इथे थोडे गणित करू. करोनापूर्वी, २०१९ मध्ये, शांघायच्या मेट्रोची लांबी सुमारे ७०० किलोमीटर होती आणि रोजचे प्रवासी सुमारे १ कोटी. टोकियोत दोन संस्था भुयारी रेल्वे चालवतात. दोघींची मिळून लांबी सुमारे ३०० किलोमीटर आणि प्रवासी तेव्हा तेही १ कोटीच्या आसपास. आता भागाकार करा :

शांघाय : १,००,००,००० ÷ ७०० = सुमारे १४,३०० प्रवासी प्रति किलोमीटर
टोकियो : १,००,००,००० ÷ ३०० = सुमारे ३३,३०० प्रवासी प्रति किलोमीटर

म्हणजे लांबीत निम्म्याहून लहान असलेले टोकियोचे जाळे किलोमीटरमागे दुपटीहून जास्त माणसे नेत होते. त्याचे एक कारण असे की तिथल्या अनेक भुयारी मार्गांवर उपनगरांतून आलेल्या दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्या तशाच पुढे शहरात शिरतात. प्रवाशाला मध्ये उतरून गाडी बदलावी लागत नाही.

मात्र हे आकडे ढोबळ समजा, कारण प्रवासी मोजण्याची पद्धत सगळीकडे सारखी नसते. आपली दिल्ली मेट्रोच घ्या. तिथे एकाच फेरीत तुम्ही लाईन बदलली, तर ते दोन प्रवास धरले जातात. माणूस एक, प्रवास दोन.

पाचवे माप : कोणाकोणाला जाता येते?

हे माप पुस्तिकेत नसते, पण आम्हाला ते महत्त्वाचे वाटते. मेक्सिको सिटीची मेट्रो १९६९ मध्ये सुरू झाली. तेव्हा तिथे वाचता न येणारे लोक पुष्कळ होते. म्हणून प्रत्येक स्टेशनाला नावासोबत एक चित्र दिले गेले. अक्षर न ओळखणारा माणूसही चित्र पाहून बरोबर उतरू शके. दुसरीकडे, लंडनमध्ये जिना न चढता-उतरता जाता येईल अशी स्टेशने आजही एक तृतीयांशच्या आसपासच आहेत. १८६३ मध्ये चाकांच्या खुर्चीचा विचार कोण करणार? दिल्ली मेट्रो २००२ मध्ये सुरू झाली, तेव्हा लिफ्टचा विचार पहिल्यापासूनच झाला. गुडघे दुखणाऱ्या आपल्या आजीला विचारले, तर 'मोठी' मेट्रो कोणती याचे उत्तर ती वेगळेच देईल.

आपले इंदूर

भारतात पहिली मेट्रो कोलकात्यात २४ ऑक्टोबर १९८४ रोजी धावली, एस्प्लनेड ते भवानीपूर, जेमतेम ३.४ किलोमीटर. मुंबईत ती २०१४ मध्ये आली. आपल्या इंदूरचा पहिला टप्पा ३१ मे २०२५ रोजी सुरू झाला. खांबांवरून जाणारा मार्ग, ५ स्टेशने, लांबी सुमारे ६ किलोमीटर. मोकळे डबे पाहून 'यात बसणार कोण?' असे म्हणणारे काही पालक आम्हाला भेटले. त्यांना आम्ही एवढेच सांगतो की लंडननेही सुरुवात ६ किलोमीटरनेच केली होती. पुढे आपली मेट्रो किती उपयोगी पडते, ते मोजायला तुम्ही आहातच.

राहिला प्रश्न गुणांचा. चूक दोन्ही संघांपैकी कोणाचीच नव्हती. माप न सांगता प्रश्न विचारला, ही चूक आमची. सोमवारच्या प्रार्थनेत आम्ही ती सर्वांसमोर मान्य केली. दोन्ही संघांना संयुक्त प्रथम क्रमांक दिला आणि प्रमाणपत्रे नव्याने लिहून घेतली. 'सर्वात मोठे', 'सर्वात चांगले' असे शब्द पुढे परीक्षेत, जाहिरातीत किंवा भाषणात भेटले, की त्या मुलीसारखे उभे राहून विचारा : कशात? कोणत्या वर्षी? मोजले कसे? आम्ही विचारलेल्या प्रश्नालाही हे विचारायला भिऊ नका.

स्वाध्याय

१. 'न्यूयॉर्कची मेट्रो ४०० किलोमीटर आहे' आणि 'न्यूयॉर्कची मेट्रो १,०७० किलोमीटर आहे' ही दोन्ही विधाने बरोबर कशी, ते चार ओळींत लिहा.
२. न्यूयॉर्कमध्ये २०१९ साली कामाच्या दिवशी सुमारे ५५ लाख प्रवास होत. मार्गांची लांबी ४०० किलोमीटर धरून किलोमीटरमागे किती प्रवास, ते काढा. शांघाय आणि टोकियोशी तुलना करा.
३. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : शहरात बसने किंवा मेट्रोने जाताना त्यांना सर्वात मोठी अडचण कोणती येते? त्यावरून मेट्रो मोजण्याचे एक सहावे माप तयार करा आणि वहीत लिहून आम्हाला दाखवा.