पायाखालचा इतिहास : ऐतिहासिक भूविज्ञानाची ओळख

आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या एका विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या प्रथम वर्षात भूविज्ञान हा विषय घेतला, तेव्हा त्याचे वडील आमच्याकडे आले. "सर, आमची सारी हयात दगड फोडण्यात गेली. पोरानं आता पुस्तकातबी दगडच बघायचा का?" असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्नात राग नव्हता, काळजी होती. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण अशी नोकरीची ठिकाणे आम्ही त्यांना सांगितली व त्यांचे तेवढ्यापुरते समाधान झाले. परंतु इतिहासाचे शिक्षक म्हणून जे उत्तर द्यावयास हवे होते ते राहूनच गेले. स्मरणिकेच्या निमित्ताने ते येथे मांडत आहोत.

ज्या खोलीत हे बोलणे झाले, तिची जमीन शहाबादी फरशीची आणि भिंत काळ्या दगडाची होती. सोलापुरातील कितीतरी जुन्या घरांत हीच जोडी आढळते. फरशी हा चुनखडक आहे. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद, वाडी या परिसरातील खाणींतून ती येते. उथळ समुद्राच्या तळाशी बारीक गाळ थरावर थर साचून हा खडक घडला, म्हणूनच तो सपाट तुकड्यांत सुटतो. भिंतीचा दगड मात्र बेसाल्ट, म्हणजे भूगर्भातून वर आलेला लाव्हारस थंड होऊन झालेला खडक. या दोहोंत आधीचा कोणता? ऐतिहासिक भूविज्ञान येथून सुरू होते.

निकोलस स्टेनो याने १६६९ मध्ये एक साधा नियम मांडला. थर उलथेपालथे झालेले नसतील, तर खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. कलबुर्गीकडे चुनखडकाच्या वर बेसाल्ट पसरलेला दिसतो, तेव्हा आपली फरशी भिंतीपेक्षा वृद्ध ठरली. हा निर्णय कोणत्याही ग्रंथाने दिलेला नाही. ज्याला डोळे आहेत त्याला तो जागेवर जाऊन तपासता येतो. १८१५ मध्ये इंग्लंडचा भूवैज्ञानिक नकाशा सिद्ध करणारा विल्यम स्मिथ हा लोहाराचा मुलगा होता. कालव्यांची मोजणी करता करता तो थर आणि त्यांतील जीवाश्म ओळखावयास शिकला. लंडनच्या प्रतिष्ठितांनी १८०७ मध्ये स्थापलेल्या भूवैज्ञानिक संस्थेने त्याला प्रारंभी दूरच ठेवले. १८३१ मध्ये त्याच संस्थेने त्याला आपले मानाचे पदक दिले. दगड फोडणाऱ्या बापाला हे त्या दिवशी सांगावयास हवे होते, असे राहून राहून वाटते.

नववीच्या मुलांना आम्ही एकदा शहराबाहेरील एका कोरड्या विहिरीच्या काठावर नेले होते. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग छिद्राछिद्रांचा मऊ खडक व त्या छिद्रांत पांढरे स्फटिक, त्याखाली हातभर तांबडा पट्टा आणि पुन्हा काळा कठीण पाषाण. विहीर खोदणाऱ्या माणसांना हा क्रम तोंडपाठ असतो. छिद्रे म्हणजे लाव्ह्यातील वायूंनी सोडलेल्या जागा. तांबडा पट्टा अधिक बोलका आहे. एक लाव्हाप्रवाह थंड झाला, मधल्या काळात ऊनपावसाने त्याचा पृष्ठभाग झिजून माती झाली आणि नंतर आलेल्या प्रवाहाने ती माती भाजून काढली. दोन उद्रेकांमधील विश्रांतीची ती खूण होय. एका मुलीने विचारले, "पट्टा जितका जाड, तितकी वर्षे जास्त का?" प्रश्न उत्तम होता. जाडीवरून वर्षे थेट मोजता येत नाहीत, कारण माती होण्याचा वेग सर्वत्र सारखा नसतो. थर क्रम सांगतात, तारीख सांगत नाहीत.

तारखेसाठी खडकातील किरणोत्सारी मूलद्रव्यांकडे जावे लागते. पोटॅशियमचा एक प्रकार अतिशय मंद गतीने क्षय पावतो. त्याचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात आणि क्षयातून काही अंश आर्गॉन वायू तयार होतो. खडकात किती पोटॅशियम उरले आणि किती आर्गॉन साठला, हे मोजून वय काढतात. या व अशा पद्धतींनी दख्खनच्या बेसाल्टाचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे ठरले आहे. शहाबादी चुनखडक कँब्रियन काळापूर्वीचा, म्हणजे ५४ कोटी वर्षांहून जुना आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची भूमी हादरली. ती पहाट सोलापूरकर विसरलेले नाहीत. तेव्हा देवीचा कोप, पापाचा घडा अशी भाषा आम्ही कानांनी ऐकली. शास्त्रज्ञांनी मात्र तेथे खोल छिद्र घेतले. ३३८ मीटरपर्यंत बेसाल्ट लागला, त्याखाली थोडा गाळाचा थर आणि मग अतिप्राचीन ग्रॅनाइटवर्गीय पाया. कोपाची चौकशी अशी करावयाची असते.

आता खोलीतील फरशी आणि भिंत यांच्याकडे पुन्हा पाहू. दोहोंच्या वयांत किमान ४७ कोटी वर्षांचे अंतर आहे. या दीर्घ काळाची पाने आपल्या परिसरात जवळजवळ नाहीतच. काही थर साचलेच नसतील, काही साचून झिजून गेले असतील. भूविज्ञानात अशा खंडाला विसंगती म्हणतात. पण म्हणून त्या काळात काही घडलेच नाही, असे कोणी म्हणत नाही. चंद्रपूरच्या कोळशाच्या थरांत त्याच हरवलेल्या काळातील, पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या अरण्यांचे अवशेष आहेत. एका ठिकाणी गहाळ झालेले पान दुसरीकडे सापडते.

आमच्या मते इतिहासाच्या विद्यार्थ्याने भूविज्ञानाकडून शिकावे ते हेच. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, लिखित पुरावा नसलेल्या इतिहासाची पुनर्रचना कशी करावी याची चर्चा केली आहे. भग्न दगडांवरून नगर उभे करणारा पुरातत्त्वज्ञ आणि विखुरलेल्या हाडांवरून लुप्त प्राणी ओळखणारा जीवाश्मतज्ज्ञ यांच्या कामाशी त्यांनी आपल्या कामाची तुलना केली. त्याच वेळी आपला सिद्धान्त हा अखेरचा शब्द असल्याचा दावा त्यांनी केला नाही. आपण अनेकदा तुलना लक्षात ठेवतो आणि ही मर्यादा विसरतो. अनित्यतेच्या शिकवणीत आधुनिक भूविज्ञान आधीच सांगितले आहे, असे काही उत्साही वक्ते व्यासपीठावरून सांगतात. आम्हांला ते पटत नाही. पुराणांत विमाने शोधणाऱ्यांना आपण हसतो, मग आपण तेच का करावे? परंपरेने आले किंवा ग्रंथात आहे एवढ्यावरून स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते, आणि ते आपल्यालाही लागू आहे.

हरवलेले पान कसे सापडते याचे एक उदाहरण आपल्या भीमा नदीच्याच काठी, कलबुर्गी जिल्ह्यातील सन्नती येथे आहे. १९८६ मध्ये तेथील एका मंदिराचे छत कोसळले आणि मूर्तीच्या आसनाखालची शिळा उघडी पडली. तिच्यावर सम्राट अशोकाचे लेख होते. जवळच्या कनगनहळ्ळी येथील स्तूपाच्या उत्खननात अशोकाची शिल्पाकृती मिळाली. तिच्यावर ब्राह्मी लिपीत त्याचे नाव कोरलेले आहे. ज्या दगडावर ती कोरली तो तेथील स्थानिक चुनखडक, म्हणजे आपल्या खोलीतील फरशीचाच भाऊबंद. तो विद्यार्थी सुट्टीत आला की त्याला आणि त्याच्या वडिलांना घेऊन सोलापूरहून वाडीच्या गाडीने तेथे जावयाचे आम्ही ठरविले आहे. वाटेत बेसाल्ट कोठे संपतो आणि चुनखडक कोठे लागतो, हे खिडकीतून ओळखून दाखविण्याचे काम मुलाकडे राहील.