आउटलाइन अक्षरासाठी

सांगली

चि. सायलीस,


कबड्डी स्पर्धेचा बॅनर व्हॉट्सअ‍ॅपवर मिळाला. मांडणी नेटकी आहे, खेळाडूचा फोटोही योग्य जागी बसलाय. अडचण आहे ती मथळ्याची. ‘भव्य कबड्डी स्पर्धा’ ही पिवळी अक्षरं, त्यांना लाल आउटलाइन, तिच्याबाहेर पांढरी आणि खाली काळी सावली. एवढं सगळं करूनही मथळा लांबून वाचता येत नाही. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहितोय.

आउटलाइन द्यायच्या आधी बघायचं ते इतकंच, की अक्षर मागच्या चित्रातून सुटं दिसतंय का. दिसत असेल तर आउटलाइन देऊच नकोस. गर्दीच्या फोटोवर मथळा टाकला की मागे कुठे पांढरा शर्ट येतो, कुठे पिवळी माती. पिवळं अक्षर एका जागी उठतं, दुसऱ्या जागी बुडतं. अशा वेळी आउटलाइन उपयोगी पडते. पण त्याआधी मथळ्यामागचा फोटो थोडा गडद करून बघ, थोडा धूसर करून बघ. पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावं शोधून पाहा. वर्तमानपत्रातल्या जाहिरातींच्या दाटीतही ती नजरेत भरतात, ती अक्षराच्या घडणीमुळे. मूळ अक्षर असं भक्कम निवडलंस की सजावटीवर फार भार टाकावा लागत नाही.

आता आउटलाइन कुठे द्यायची ते. फोटोशॉपमध्ये लेयर स्टाइलच्या स्ट्रोकला तीन जागा मिळतात: आउटसाइड, इनसाइड आणि सेंटर. सेंटर ठेवलंस तर १० पिक्सेलच्या रेषेतले ५ पिक्सेल अक्षराच्या अंगात शिरतात. इनसाइड ठेवलंस तर सगळेच. तुझ्या मथळ्यात नेमकं हेच झालंय. बॅनर मोठा करून ‘कबड्डी’ हा शब्द बघ. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ लाल रंगात बुजलीय, त्यामुळे तो ‘व’ वाटतो. ‘ड्डी’मध्ये एकाखाली एक आलेल्या दोन ‘ड’मधली फट भरून गेलीय. ‘स्पर्धा’चा रफार शिरोरेषेला चिकटून नुसता गोळा झालाय. आपल्या लिपीत अक्षराच्या वर, खाली आणि पोटात बारीक जागा असतात आणि वाचणारा त्याच जागांवरून अक्षर ओळखतो. म्हणून वाचायच्या मजकुराला स्ट्रोक आउटसाइडच ठेव. आणि जाडी ठरवताना सगळ्यांत मोठ्या अक्षराकडे बघू नकोस, सगळ्यांत अरुंद फट बघ. बाहेरची रेषासुद्धा त्या फटीत दोन्ही बाजूंनी शिरत असते. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मोदक’ फाँट तू आवडीने वापरतेस. त्यात अक्षरांच्या पोटात जेमतेम केसाएवढी फट असते. तिथे जाड आउटलाइन दिलीस तर अक्षरच उरणार नाही.

मथळा दोन ओळींचा असेल तर ओळींमधलं अंतर आउटलाइन दिल्यावर पुन्हा तपास. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात.

कोरलड्रॉमध्ये दुसरीच गोष्ट सांभाळावी लागते. तिथे प्रत्येक अक्षराला स्वतंत्र रेषा लागते. मग शिरोरेषा सलग दिसायच्या ऐवजी दोन अक्षरांच्या सांध्यावर उभी रेघ उमटते आणि शब्दाचे तुकडे पडल्यासारखे वाटतात. यावर खात्रीचा उपाय असा: मथळ्याची हुबेहूब प्रत त्याच जागी मागे ठेव. मागच्या प्रतीचा रंग आणि आउटलाइन एकाच रंगाची कर आणि आउटलाइन जाड दे. पुढच्या प्रतीला आउटलाइनच देऊ नकोस. सांधे मागे झाकले जातात, शिरोरेषा अखंड राहते. फक्त रेषेचा अर्धा भाग पुढच्या अक्षराखाली जातो हे लक्षात ठेवून जाडी दुप्पट धर. मजकूर बदलला तर दोन्ही प्रतींत बदलायला विसरू नकोस.

जिम्पमध्ये काम करायची वेळ आली तर अक्षराच्या लेयरवर अल्फा टू सिलेक्शन कर, सिलेक्शन ग्रोने हवं तितकं वाढव, खाली पूर्ण कॅनव्हासएवढा नवा लेयर घे आणि त्यात रंग भर. २०२५ साली आलेल्या जिम्प ३.० पासून टेक्स्ट टूलमध्येच आउटलाइनची सोय आहे. तरीही ही पद्धत शिकून ठेव. कुठल्याही लेयरला ती चालते आणि आउटलाइन नेमकी कशी तयार होते ते हाताला कळतं.

खेळाडूच्या कापलेल्या फोटोला पांढरी आउटलाइन देणार असशील तर आधी मास्कची कड साफ कर. कोपऱ्यात सुटलेल्या एकेका ठिपक्याभोवतीही सॉफ्टवेअर इमानाने रेषा काढतं. सगळ्या खेळाडूंभोवती मिळून एकच रेषा हवी असेल तर त्यांचा ग्रुप कर आणि स्ट्रोक ग्रुपला दे. फोटोशॉप सीएस६ पासून ही सोय आहे.

दुहेरी आउटलाइन खरंच लागणार असेल तर हिशेब असा. दोन्ही रेषांचं माप अक्षराच्या कडेपासूनच सुरू होतं. आतली ६ पिक्सेलची आणि तिच्याबाहेर ४ पिक्सेल दिसायला हवे असतील, तर खालचा स्ट्रोक १० चा लागतो. आणि पिक्सेलचा आकडा पाठ करून ठेवू नकोस. ६ पिक्सेलची रेषा ७२ रिझोल्युशनला छापून सुमारे २ मिलिमीटर येते, ३०० ला जेमतेम अर्धा. फ्री ट्रान्स्फॉर्मने अक्षर मोठं केलंस तरी स्ट्रोक तेवढाच राहतो, तोही नव्याने ठरवायचा.

रंगाचं म्हणशील तर दोन रंग वेगळे असून पुरत नाही, त्यांच्यात उजळ-गडद असा फरक लागतो. सगळ्यांत वर ब्लॅक अँड व्हाइटचा अ‍ॅडजस्टमेंट लेयर टाकून बघ. तुझी लाल आउटलाइन आणि मागचं हिरवं मैदान एकाच करड्या रंगाचं दिसेल. मथळा का बुडाला ते तिथेच कळेल. या बॅनरसाठी पिवळं अक्षर आणि बाहेरून एकच गडद रेषा पुरे. पांढरी रेषा आणि सावली दोन्ही काढून टाक.

शेवटचं, आणि हे मी आग्रहाने सांगतो. अक्षरं कधीही रास्टराइज करून आउटलाइन देऊ नकोस. शुभेच्छुकांच्या यादीत छपाईच्या तोंडावर एखादं नाव वाढतं, एखाद्याची वेलांटी चुकलेली सापडते. मजकूर जिवंत असेल आणि स्ट्रोक लेयर स्टाइलमध्ये असेल तर ते मिनिटाचं काम आहे. नसेल तर माणसं घाईत चुकीचंच छापून मोकळी होतात. बॅनरवर नाव आलेला माणूस ते घरच्यांना घेऊन बघायला येतो. त्याचं नाव शुद्ध आणि स्वच्छ वाचता यावं, ही आपली जबाबदारी आहे. तुझी नजर चांगली आहे, हात वेगवान आहे. त्या वेगाला ही शिस्त लाव, म्हणजे गिऱ्हाईक तुझ्या कामावर डोळे मिटून विश्वास ठेवेल.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा